झाकली मूठ

फहाहीलच्या बाजारामागच्या गल्लीत तिसरं दुकान:
टायपिंग, फोटोकॉपी, अकामा, व्हिसा, सगळे अर्ज.
सव्वीस वर्षं मी दुसऱ्यांची नावं टाइप करतोय,
माझं, यासीन फणसोपकर, वर्षातून एकदा.

झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणतात.
माझी हल्ली साडेसातपर्यंत झाकलेलीच असते.
काळ्या चहाचा पेला दोन्ही तळव्यांत धरून बसतो,
पिण्यासाठी नाही.
करंगळी सुटते आधी, मग तिच्या शेजारची.
अंगठा शेवटी. साहेब माणूस आहे.

इथे धुळीला तोज म्हणतात.
तोज आला की समोरची मशीद जाते,
मग रस्ता, मग आमची पाटी.
पण तोज निदान दिसतो.
रिफायनरीची ज्योत रात्रभर खोलीच्या भिंतीवर हलते,
दिवा मालवला तरी घड्याळ वाचता येतं,
आणि तिच्यातून जे येतं त्याला रंग नाही.
विश्राम तांडेल म्हणतो, सवय झाली की वास जातो.
वास जात नाही, विश्राम. नाक जातं.

शुक्रवारी एसीची जाळी धुतो.
मोरीत उतरतं ते वाळूसारखं नसतं,
काजळीसारखं असतं, तेलकट,
बोटाला लागलं तर साबण दोनदा लावावा लागतो.
आठवड्याचं एवढं जाळीनं धरलं.
माझ्या आत कुठे आहे जाळी,
आणि तिचा शुक्रवार कोणता?

डॉक्टर हुदानं विचारलं, सिगारेट?
कधीच नाही.
घरात कुणाला होतं असं?
आई सत्तराव्या वर्षी खाडीत कालवं फोडत होती.
मग तिनं माझी पेरं एकेक करून दाबली
आणि खिडकीकडे बघितलं. मीही बघितलं.
बाहेर काहीच नव्हतं. शंभर पावलांवरचंसुद्धा.

ती म्हणाली, असं समजा,
छातीच्या दाराशी पहारा असतो.
रोज इतकं बारीक काहीबाही आत घुसतं
की पहारेकरी भांबावतो, चेहरे ओळखेनासा होतो,
आणि एके दिवशी घरच्याच माणसांना धरू लागतो.
मी म्हटलं, कळलं, डॉक्टर.
जन्मापासून इथेच राहिलेल्या गुडघ्याला
रस्त्यात अडवून विचारतात: अकामा?
ती हसली. मग हसली नाही.

हवेमुळेच झालं, असं लिहून द्याल?
नाही. कदाचित हवेमुळे. अभ्यास चालू आहेत.

कदाचित.
माझ्या कुठल्याच अर्जात या शब्दाला चौकट नाही.
होय किंवा नाही. विवाहित किंवा अविवाहित.
विमावाले कदाचितचे पैसे देत नाहीत.
औषध कधी मिळेल विचारलं की खिडकीवरचा माणूस म्हणतो, इन्शाल्ला.
तोही एक कदाचितच,
फक्त इस्त्रीच्या कपड्यांतला.

काल दाभोळचा एक पोरगा आला, आकिब.
रिफायनरीत परांची बांधायचं काम लागलंय.
नाकाखाली जेमतेम मिसरूड.
प्रकृती: उत्तम. टाइप केलं,
मधल्या बोटानं, कारण तर्जनी सुजलेली,
कोंबडीनं दाणे टिपावेत तसं एकेक अक्षर.
चाचा, हवा कशी आहे इथली?
मी म्हटलं, उन्हाळ्यात कडक.
एवढंच म्हटलं.

पाण्याची बाटली माझ्या हातात केव्हाची होती.
त्यानं न विचारता ती घेतली,
झाकण फिरवलं, परत दिली,
आणि सही कुठे करायची ते शोधत
कागदावर वाकला.